जुना प्रोग्राम टॅबवर नेताना: टच, लोकेशन आणि स्टोअरची मंजुरी

चार महिने हे काम चालू होतं, गेल्या आठवड्यात संपलं, म्हणून आता लिहायला बसलेय. सुरुवातीला मला कोणी मराठीत नीट सांगणारं भेटलं असतं तर निदान एक महिना वाचला असता, म्हणून जसं घडलं तसं तारखांसकट लिहिते. मी सांगलीत विश्रामबागला राहते, घरूनच काम करते, बेदाण्याचे व्यापारी, शीतगृहवाले, छोटे दुकानदार यांना लागणारे डेस्कटॉप प्रोग्राम करून देते. मोबाईल ॲप करत नाही, सगळं काम विंडोजवरच.

१४ जूनला, शनिवार होता, तासगावच्या एका द्राक्ष सल्लागार दादांचा फोन आला. २०१३ मध्ये त्यांना मी प्लॉटच्या नोंदीचा प्रोग्राम करून दिला होता, बागायतदाराचं नाव, गट नंबर, वाण, छाटणीची तारीख, कुठली फवारणी कधी झाली वगैरे. बारा वर्षं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो नीट चालला. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून त्यांनी मशीन बदलायचं ठरवलं आणि बदलताना बागेत फिरणाऱ्या तीन माणसांसाठी विंडोज ११ चे तीन टॅबच घेऊन टाकले. "ताई, तोच प्रोग्राम ह्यात टाकून द्या, आन् प्लॉट कुठं हाय ते आपोआप यायला पायजे बगा." फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्याच्या आत पाहिजे. मी हो म्हटलं. टच आणि लोकेशन या गोष्टी विंडोजमध्ये २००९ पासून, म्हणजे विंडोज ७ पासून आहेत हे माहीत होतं, दोनतीन बोटं एकदम ओळखणं आणि सेन्सर-लोकेशनची सोय दोन्ही त्याच आवृत्तीत आलं होतं. म्हटलं सोळा वर्षं झाली, आता सगळं सोपं झालं असेल. बरंचसं झालंयही, पण मधल्या काळात नियम बदललेत आणि माझी सवय मात्र माऊसचीच होती.

१८ जूनला तासगावला गेले, जुना प्रोग्राम जसाच्या तसा टॅबवर टाकला आणि त्यांच्याकडच्या अण्णांच्या हातात दिला. अण्णा साठीचे, तीस वर्षं बागेतलं काम केलेले, हाताला बोर्डो फवारणीचा निळसर थर कायमचाच. त्यांनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं तर खालचं नाव उघडलं. परत ठेवलं, वरचं उघडलं. "माझंच बोट चुकतंय वाटतं," म्हणाले आणि टॅब बाजूला ठेवला. मला फार वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हती, माझ्या यादीतली एक ओळ २२ पिक्सेलची होती. मग मी ऑफिसातला शाईचा पॅड मागून घेतला, अण्णांचा अंगठा आणि पहिलं बोट कागदावर उठवलं आणि पट्टीने मोजलं. अंगठ्याचा ठसा १७ मिलिमीटर रुंद, बोटाचा १३. विंडोजच्या मार्गदर्शनात बोटाने दाबायच्या जागेचं माप साधारण साडेसात मिलिमीटरचा चौकोन, म्हणजे ४० बाय ४० पिक्सेल दिलंय, माझी ओळ त्याच्या निम्म्याला थोडी वर. तो कागद अजून माझ्या टेबलासमोर चिकटवलेला आहे. माऊसचं टोक म्हणजे एक बिंदू, आणि मी इतकी वर्षं सगळे स्क्रीन त्या बिंदूसाठी काढत होते. बोट म्हणजे गोल आहे, त्याला टेकायला जागा लागते.

जुन्या विनफॉर्म्समध्ये (विंडोजचे स्क्रीन बनवायची जुनी पद्धत) ठिगळं लावून बघितली दोन दिवस, मग सोडून दिलं आणि डब्ल्यूपीएफ या त्यानंतरच्या पद्धतीत स्क्रीन नव्याने करायला घेतले. डेटाबेस आणि हिशोबाचा भाग जुनाच ठेवला. यात जून अखेर ते ८ ऑगस्ट गेला. प्रत्येक ओळ ५६ पिक्सेलची केली, दोन बटणांत मोकळी जागा सोडली. माऊस नेला की पिवळी माहिती दिसायची ती सगळी काढली, कारण बोट काचेवर टेकल्याशिवाय मशीनला कळतच नाही. उजव्या क्लिकमध्ये लपवलेली कामं (नोंद खोडणे, प्रत काढणे) बाहेर बटणात आणली. बोट दाबून धरलं की उजवी क्लिक होते हे खरं, पण ओल्या हाताने ते नेमकं जमत नाही आणि भलतीच नोंद खोडली गेली तर वर्षाचा हिशोब जातो.

एक गोष्ट आवर्जून सांगते कारण तिच्यात माझा पूर्ण दिवस गेला. यादी बोटाने सरकवायला साध्या स्क्रोलव्ह्यूअरला (सरकणारा मजकूर दाखवायची तयार चौकट) पॅनिंगमोड, म्हणजे बोटाने सरकायची सोय, स्वतः द्यावा लागतो, मुळात तो बंद असतो. तो दिला, यादी छान सरकायला लागली, पण यादीचं टोक आलं की अख्खी खिडकीच खाली-वर हलायची. अण्णांना वाटलं टॅब पडून बिघडला. तो बिघाड नसतो, टोक आलं हे बोटाला कळावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे. मॅनिप्युलेशन-बाउंडरी-फीडबॅक नावाचा इव्हेंट (विंडोजकडून येणारी सूचना) पकडून हँडल्ड, म्हणजे आम्ही बघून घेतलं, असं म्हटलं की थांबते. द्राक्षाच्या पानाच्या फोटोवर दोन बोटांनी मोठं-लहान करणं त्यामानाने पटकन झालं, मॅनिप्युलेशन (बोटांच्या हालचाली ओळखायची सोय) चालू करायचं आणि आलेला बदल चित्राला लावायचा. डाऊनी आहे की भुरी (पानांवरचे दोन रोग) हे बघायला फोटो मोठा करता येणं सगळ्यात जास्त आवडलं त्यांना. टच कीबोर्ड वर आला की खालची अर्धी जागा झाकून टाकतो, म्हणून आकडे भरायच्या ठिकाणी मी माझीच मोठी अंकपाटी केली, मराठी आकड्यांची.

ऑगस्टमध्ये लोकेशन हातात घेतलं. डॉटनेट ८ च्या (मायक्रोसॉफ्टची प्रोग्राम बनवायची चौकट) प्रोजेक्ट फाइलीत टार्गेटच्या पुढे विंडोजची आवृत्ती (१०.०.१९०४१.०) लिहिली की जिओलोकेटर हा क्लास (जागा सांगणारा विंडोजमधला तयार कोड) डेस्कटॉप प्रोग्राममधूनही थेट वापरता येतो, वेगळं काही बसवायला लागत नाही. घरी चालवलं, विश्रामबाग बरोबर दाखवलं, अचूकता ८० मीटर. आनंदाने सावळजच्या बागेत गेले, १३ ऑगस्टला, फोनचं हॉटस्पॉट लावलं, आणि नोंद पडली पुण्यात. आधी वाटलं कोड चुकला. मग जिओलोकेटर स्थानासोबत जो स्रोत देतो तो छापून बघितला तर तिथे आयपी ॲड्रेस लिहून आलं, म्हणजे नुसत्या इंटरनेटच्या जोडणीवरून काढलेला अंदाज, आणि अचूकतेचा आकडा किलोमीटरात. म्हणजे यंत्राने मला खरं सांगितलं होतं, मीच ते वाचलं नव्हतं. या टॅबमध्ये जीपीएसची चिपच नाही, बऱ्याच विंडोज टॅबमध्ये ती सिमकार्डवाल्या मॉडेललाच असते. घरी आजूबाजूच्या वायफायवरून जागा कळत होती, बागेत वायफाय कुठलं? तर टॅब घ्यायच्या आधी हे विचारा, ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना. दादांनी मला विचारून घेतले असते तर थोडे जास्त पैसे घालून सिमवालेच घेतले असते.

त्याच दिवशी आणखी एक चूक सापडली. जिओलोकेटरला जागा विचारायच्या आज्ञेचं, जुनी माहिती किती वेळापर्यंत चालेल ते सांगायचं एक वेगळं रूप आहे (कमाल वय आणि थांबायची वेळ असे दोन आकडे घेतं), मी ते न वापरता साधं वापरलं होतं, त्यामुळे एका प्लॉटला ऑफिसातली आधीची जागाच चिकटली. आता मी कमाल वय दहा सेकंद देते.

टॅब परत करणं शक्य नव्हतं, मग यूएसबीचे जीपीएस रिसीव्हर घेतले, एक १,४५० रुपयांना, तीन घेतले. त्यातला एक पहिल्याच दिवशी गप्प बसला, दुकानदाराने बदलून द्यायला बारा दिवस लावले. हे रिसीव्हर कॉम पोर्टवरून (उपकरणाशी बोलायचा विंडोजमधला जुना मार्ग) दर सेकंदाला मजकुराच्या ओळी पाठवतात, विंडोजच्या लोकेशन सेवेला ते आपोआप जोडले जात नाहीत, आपल्याच प्रोग्रामने पोर्ट उघडून ओळी वाचायच्या. आणि इथे मी जे केलं ते तुम्ही करू नका. ओळीत अक्षांश १७०२.४००० असं येतं, रेखांश ०७४३६.०००० असं. मी त्याला शंभराने भागून १७.०२४ आणि ७४.३६ धरलं. खरं म्हणजे पहिले आकडे अंश आणि पुढचे मिनिटं असतात, म्हणजे १७ अंश २.४ मिनिटं, मिनिटांना साठाने भागायचं, उत्तर १७.०४ आणि ७४.६०. माझ्या चुकीने तासगावचे प्लॉट पंचवीस किलोमीटर पश्चिमेला सरकून वाळव्याच्या बाजूला, कृष्णाकाठच्या उसात जाऊन बसले. नकाशावर बघितल्याशिवाय हे कळलं नसतं, कारण आकडे दिसायला अगदी खरे दिसतात. म्हणून कुठलीही नोंद नुसत्या आकड्यात तपासू नका, नकाशावर ठेवून तपासा.

२८ ऑगस्टला तासगावच्या गणपतीचा रथ, त्या दिवशी काम बंद, मीही मुलाला घेऊन रथ बघायला गेले. दादा तिथे भेटले, गर्दीतच म्हणाले, "ताई, प्लॉटजवळ गेलं की त्या प्लॉटचं पान आपोआप उघडंल का?" घरी येऊन जिओफेन्स वाचलं. म्हणजे एका जागेभोवती वर्तुळ आखायचं, आत शिरलं की सूचना येते. ऐकायला अगदी हवं ते. पण त्याच्या मार्गदर्शनात वर्तुळाची त्रिज्या ५० मीटरपेक्षा मोठी ठेवा असं सांगितलंय, आणि आपल्याकडे वीस गुंठ्याचा तुकडा म्हणजे जेमतेम ४५ मीटरचा चौकोन. एका वर्तुळात चार भावांचे चार प्लॉट येतील, आणि एकाची फवारणी दुसऱ्याच्या नावावर पडली तर निर्यातीच्या मालाला ते परवडत नाही, तिथे रेसिड्यूच्या (मालात उरलेला औषधाचा अंश) तपासणीत प्रत्येक प्लॉटची नोंद बघतात. मी दादांना स्पष्ट सांगितलं की आपोआप उघडणार नाही, जवळचे पाच प्लॉट अंतरासकट वर दिसतील, त्यातला माणसाने निवडायचा. ते थोडे नाराज झाले, पण मला हेच बरोबर वाटतं. जुन्या डेटाबेसमध्ये मी चार दशांश ठेवले होते, तेही सहा केले. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चौथा दशांश ११ मीटर, आणि ११ मीटरमध्ये बांध कधीच ओलांडला जातो.

मग स्क्रीनवर जागा दाखवायची पद्धतच बदलली. आधी लाल टाचणी होती. आता गोल दिसतो. शेवटच्या दहा सेकंदांतल्या दहा नोंदींचा पसारा किती मीटर ते त्या गोलात लिहिलेलं असतं, किमान सहा उपग्रह दिसले आणि ओळीत येणारा एचडॉपचा आकडा (उपग्रहांच्या मांडणीमुळे जागा किती चुकू शकते ते सांगतो, कमी तितका चांगला) २ च्या आत आला की गोल हिरवा होतो आणि तेव्हाच जतनचं बटण चालू होतं. नोंदीसोबत पसारा, स्रोत आणि वेळ पण साठवते. मांडवाखाली उभं राहिलं की वेळ लागतो, प्लॉटच्या कोपऱ्यावर उघड्या आभाळाखाली उभं राहायचं. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर थांबावंच लागतं, कारण उपग्रह आपली कक्षेची माहिती दर तीस सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि ती पूर्ण हातात येईपर्यंत रिसीव्हरला काही करता येत नाही. हे अण्णांना सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, मोटर चालू केल्यावर पाणी टोकाला पोचायला वेळ लागतोयच की.

सप्टेंबर परवानग्यांमध्ये गेला. ऑफिसात असताना विंडोजची लोकेशन सेवा आणि बागेत रिसीव्हर असं दोन्ही ठेवलं होतं, त्यामुळे परवानगी मागणं भाग होतं. विंडोज १० पासून आधी रिक्वेस्ट-ॲक्सेस ही आज्ञा देऊन विचारायचं, तेही प्रोग्राम समोर उघडा असताना मुख्य थ्रेडवरून (प्रोग्रामचा स्क्रीन सांभाळणारा भाग), उत्तर येतं परवानगी आहे, नाही, किंवा सांगता येत नाही. माणसाने एकदा नाही म्हटलं की परत परत विचारता येत नाही, म्हणून मी एक बटण दिलं जे सेटिंगमधलं लोकेशनचं पान थेट उघडतं. विचारायच्या आधी माझ्या स्वतःच्या दोन ओळी मराठीत दाखवते, जागा कशाला पाहिजे आणि ती टॅबमध्ये आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्येच राहते म्हणून. या दोन ओळी टाकायच्या आधी तिघांपैकी दोघांनी नाही दाबलं होतं, आणि मला त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही, आपण कुठे उभे आहोत हे कोणी विचारलं तर माणूस आधी कशाला असंच म्हणतो.

इथे एक अनपेक्षित गोष्ट. टॅब ऑफिसच्या वायफायवर आला की नोंदी मुख्य कॉम्प्युटरला पाठवायच्या, असा जुना कोड होता, तो वायफायचं नाव वाचायचा. दोन टॅबवर चालायचा, तिसऱ्यावर परवानगी नाकारली अशी चूक यायची. तिसऱ्यावर विंडोज ११ ची २४एच२ ही नवी आवृत्ती होती. त्या आवृत्तीपासून वायफायच्या नावांची यादी वाचायलाही लोकेशनची परवानगी लागते, कारण आजूबाजूच्या वायफायवरून माणूस कुठे आहे ते काढता येतं. तुमच्या प्रोग्रामला लोकेशनशी काही देणंघेणं नसेल तरी तो वायफाय वाचत असेल तर एकदा तपासून घ्या. मी तो भागच काढला, आता मुख्य कॉम्प्युटर नेटवर्कवर सापडतोय का एवढंच बघते.

शेवटचा टप्पा स्टोअर, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम जिथून उतरवून घेतात ते मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन दुकान. खरं तर पेनड्राईव्हवरून किंवा नेटवरून फाइल पाठवून टाकता आलं असतं, पण नेटवरून उतरवलेली, डिजिटल सही नसलेली फाइल उघडली की निळी चेतावणी येते आणि पेनड्राईव्हने पुढे प्रत्येक दुरुस्तीला मला सावळज-मणेराजुरी फिरावं लागलं असतं. सहीचं सर्टिफिकेट स्वतः घ्यायचं तर मला वर्षाला बावीस हजार सांगितले होते, शिवाय जून २०२३ पासून त्याची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या वेगळ्या सुरक्षित उपकरणातच ठेवायचा नियम आहे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर एमएसआयएक्स पॅकेज (प्रोग्राम बांधून द्यायचा विंडोजचा एक प्रकार) दिलं तर सही तेच करतात, वेगळे पैसे नाहीत. वैयक्तिक खात्याला पूर्वी एकदाच १९ डॉलर पडायचे, आता तेही नाहीत.

२२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, खातं उघडलं. सरकारी ओळखपत्राचा फोटो आणि स्वतःचा सेल्फी मागतात. माझं आधारवरचं नाव आणि ईमेलवरचं नाव वेगळ्या स्पेलिंगचं, म्हणून आधी ते सारखं करून घेतलं, तुम्हीही घ्या. दोन दिवसांत खातं चालू झालं. मग दसऱ्यापर्यंत कागदपत्रं. डब्ल्यूपीएफचा प्रोग्राम पूर्ण अधिकाराने चालतो, त्यामुळे रन-फुल-ट्रस्ट ही खास परवानगी का पाहिजे ते लिहून द्यावं लागतं, मी कॉम पोर्ट आणि जुना डेटाबेस ही दोन कारणं साध्या चार वाक्यांत लिहिली. वयोगटाच्या प्रश्नावलीत वापरणाऱ्याची जागा इतरांना दाखवता का असा प्रश्न असतो, तो घाईत चुकवू नका. कमीत कमी एक स्क्रीनशॉट, १३६६ बाय ७६८ किंवा मोठा. माहितीचं पान मराठीत ठेवता येतं, मी मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवलं. पाठवायच्या आधी सर्टिफिकेशन किट (स्टोअरच्या नियमांत बसतंय का ते तपासणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) आपल्याच मशीनवर चालवून बघा, माझ्याकडे त्यात एका आयकॉनचं माप चुकलेलं सापडलं.

६ ऑक्टोबरला पाठवलं. ८ ला परत आलं. चूक माझीच होती, प्रायव्हसीच्या पानावर मी दुसऱ्या जुन्या कामातला मजकूर तसाच चिकटवला होता, त्यात आम्ही कुठलीही वैयक्तिक माहिती घेत नाही असं लिहिलेलं, आणि प्रोग्राम तर जागा विचारतोय. संध्याकाळी बसून ते पान नव्याने लिहिलं, काय घेतो, कशाला, कुठे ठेवतो, खोडायचं कसं. तपासणाऱ्यांसाठी सूचना लिहायची जी चौकट असते तिकडे पहिल्या वेळी मी लक्षच दिलं नव्हतं. त्यांच्याकडे माझा रिसीव्हर कुठून असणार, म्हणून बागेत साठवलेल्या ओळींची एक फाइल पॅकेजमध्ये घातली आणि ती चालवून बघायची पद्धत पायरीपायरीने त्या चौकटीत लिहिली. ९ तारखेला परत पाठवलं. तपासणीला कामाचे तीन दिवस लागू शकतात असं सांगतात, शनिवार-रविवार मध्ये आल्याने १३ ला मंजुरीचा ईमेल आला. ते पाच दिवस मला झोप नीट लागली नाही, कारण पावसाने लांबलेली छाटणी सुरू झाली होती आणि दादा रोज विचारत होते.

खर्च सांगायचा तर रिसीव्हर ४,३५०, प्रायव्हसीचं पान ठेवायला डोमेन ९००, तासगाव-सावळजच्या अकरा फेऱ्यांचं पेट्रोल साधारण तीन हजार. माझे दिवस वेगळे. दादांनी ठरलेले पैसे दिले आणि पेट्रोलचेही दिले.

१५ तारखेला अण्णांसोबत मणेराजुरीत एका प्लॉटच्या कोपऱ्यावर उभी होते. नुकतीच छाटणी झालेली, काड्यांना पेस्टिंग चालू होतं, त्यांच्या हाताला पेस्ट लागलेली. सदऱ्याला बोट पुसलं, टॅब वर धरला आणि गोलाकडे बघत राहिले. १४ मीटर, ९, ६. चार झाल्यावर गोल हिरवा झाला, तरी त्यांनी दाबलं नाही. "थांबा, अजून उतरतंय," म्हणाले. तीनवर आल्यावर अंगठा टेकवला, पहिल्याच वेळी बरोबर बसला, आणि पुढच्या कोपऱ्याकडे चालायला लागले.